कानाने निवडलेल्या चिंध्या

घुम्याच्या घरात दोनच आवाज होते, एक मागाचा आणि दुसरा बायकोचा. मागाचा आवाज दिवसभर खट्-खटाक चालायचा आणि जेवणाच्या वेळी थांबायचा. बायकोचा सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचा आणि जेवणाच्या वेळी जरा वाढायचा. घुम्याचा स्वतःचा आवाज म्हणाल तर "हं". हं म्हणजे हो, हं म्हणजे नाही, हं म्हणजे ऐकतोय, आणि बहुतेक वेळा हं म्हणजे ऐकत नाहीये. शेजारच्या शिंप्याने त्याला घुम्या हे नाव ठेवलं आणि तोंडावर हाकही त्याच नावाने मारायला सुरुवात केली. त्यालाही हा काय म्हणणार? हं.

धंदा चिंध्यांच्या सतरंज्या विणण्याचा. जुन्या चादरी, सदरे, पडदे, परकर, जे काय लोक टाकून देतात ते आणायचं, त्याच्या लांब पट्ट्या काढायच्या, पट्ट्यांचे गुंडे करायचे, आणि मागावर उभ्या दोऱ्यांच्या ताण्यात त्या पट्ट्या आडव्या भरत जायचं. पुढची खोली सगळी मागानेच भरलेली होती. पाहुणा आला तर त्याला मागाच्या फळीवर टेकावं लागायचं. मागच्या खोलीत चूल, पलंग आणि कपाट. आणि या दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर, चिंध्यांच्या ढिगात बायको.

निवडायची ती, विणायचा तो. हे कोणी ठरवलं नव्हतं, बसत गेलं. ती एकेक कापड उचलायची, दोन्ही हातांनी ताणायची, चिमटीत चोळायची, खिडकीशी धरून आरपार बघायची, कोपऱ्याला कात्रीने खाच देऊन टर्रकन फाडायची. मग तीन ढिगांपैकी एकात फेकायची. ठेवायचं, टाकायचं आणि बघू. आणि तोंड चालूच. "हे बघा, मेलं पाणीच पीत नाही. हे दिसायला गुटगुटीत आहे पण आतून मेलंय, दोन धुण्यांत पीठ होईल. अहो, हे कोणी टाकलं असेल? नवं कोरं आहे! भांडण झालं असेल घरात." घुम्या पायाने मागाची पायपट्टी दाबत म्हणायचा, हं. गुंडा संपला की हात मागे करायचा, हातात दुसरा गुंडा यायचा. गुंडा कुठून येतो याचा त्याने कधी विचार केला नाही. नळाला पाणी येतं तसा येतो, असं समजून चालला होता.

मग मुलीला बाळ झालं. मुलगी दुसऱ्या गावी. बायको म्हणाली, "महिनाभर जाऊन येते." घुम्याने स्टेशनापर्यंत पिशवी उचलली. तिने खिडकीतून सांगितलं, दूध नासू देऊ नका, गुंडे पोत्यात भरून ठेवलेत. गाडी हलली.

महिना झाला. मग बाळाला सर्दी झाली. मग मुलीची रजा संपली, बाळाला बघायला कोणी नाही. मग बाळाला दात आले. बायकोचा आठवड्याला फोन यायचा, "जेवलात?" हा म्हणायचा, हं. "बरं आहे ना सगळं?" हं. कधी येतेस, हे दोन शब्द त्याने विचारले नाहीत. का नाही विचारले? अहो, मला काय विचारता! त्याला विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं. दुःख झालं होतं म्हणावं, तर तसंही नाही. दाढ काढायला सुई टोचली की गाल बधिर होतो आणि आपणच बोटाने चाचपून बघतो, हा आपलाच का? तसं त्याचं झालं होतं. सकाळी उठायचा, चहा दोन कप टाकायचा, एक प्यायचा, दुसराही गार झाल्यावर तोच प्यायचा, आणि मागावर बसायचा. वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. शिंप्याने विचारलं, "वहिनी कधी येणार रे?" तर म्हणायचा, येईल. ओळखीच्या सगळ्यांना हेच. येईल. हा शब्द त्याच्या तोंडात इतका घासला की त्यात काही अर्थच राहिला नाही.

इकडे पोत्यातले गुंडे संपले. एके दिवशी हात मागे केला आणि हातात नुसती हवा आली.

आता आली का पंचाईत! पाळणाघरवाल्या बाईंची मोठी सतरंजी द्यायची होती, मुलांना बसायला. शिंप्याकडची कातरणं, लोकांनी आणून टाकलेले कपडे, घरात ढीग तर होता. घुम्या म्हणाला, कापड ते कापड. निवडायला काय लागतंय? पोरांना मऊ लागेल म्हणून त्याने जुन्या गंजीफ्रॉकांच्या पट्ट्या कापल्या आणि मधोमध भरल्या. कडेने पोरं ओढतात, तिथे दणकट हवं म्हणून दोन्ही टोकांना जीन्स भरली. मागावर सतरंजी अशी दिसत होती की बघत राहावं. पांढरं पोट, निळे काठ. त्याला वाटलं, यात काय विशेष होतं एवढं?

मागावरचा ताणा कापला आणि सतरंजी जमिनीवर पसरली. बघतो तर काय, मधला भाग आत-आत सरकायला लागला. गंजीफ्रॉकाचं कापड रबरासारखं. मागावर ताणलेलं असेपर्यंत सज्जन, मोकळं सोडलं की आपल्या मूळ मापाला परत जातं. जीन्स कुठे सरकते? ती ढिम्म. दोन्ही टोकं रुंद आणि कंबर बारीक, अशी ती सतरंजी झाली. हे दहा वर्षांच्या पोरीलाही तिच्या आईने सांगितलं असतं की ताणणारं आणि न ताणणारं एका सतरंजीत घालू नये. घुम्याला त्याच्या बायकोने निदान शंभरदा सांगितलं होतं. शंभरदा तो हं म्हणाला होता.

त्याने ती तशीच नेऊन दिली! उजेड पाडणं म्हणतात ते असं. दोन दिवसांनी पाळणाघरवाल्या बाई सतरंजीची गुंडाळी काखेत मारून दारात.

"काका, ही सतरंजी आहे की डमरू?"

घुम्याने मागाच्या फळीवरच्या चिंध्या बाजूला सारल्या.

"टोकांना फुगवटा येतो हो. परवा एक पोर अडखळून हनुवटीवर पडलं. त्याच्या आईने मला काय काय ऐकवलं ते तुम्हाला नाही सांगत." बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मागाच्या फळीवर टेकून सुस्कारा सोडला. "दुसरी करून द्या. पण तीही अशीच झाली, तर मी सरळ प्लास्टिकच्या चटया आणते. काकूंना बोलवून घ्या ना परत. तुमचं घोडं तिथेच अडलंय."

त्या गेल्यावर शिंपी पट्टीने मान खाजवत आत आला. भिंत पातळ, त्याला सगळं ऐकू जातं.

"फोन कर वहिनीला."

"काय बोलू?"

"कापडाचं विचार, लेका! कुठलं घेऊ, कुठलं नको. दुसरं काही विचारायची तुझी छाती नाही, ते मला ठाऊक आहे."

घुम्याने दिवेलागणीला फोन लावला. स्वतःहून लावलेला पहिला फोन. तिकडे बायको घाबरलीच. "काय झालं? पडलात का?"

"नाही. कापड आहे."

"काय आहे?"

"कापड. एक. घेऊ का नको?"

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कसं आहे?"

"निळं."

"निळं! अहो, रंग काय विचारतेय मी? हाताला कसं आहे?"

घुम्याने चोळून बघितलं. "कापडासारखं."

ती हसली. मोठ्याने, पोटातून हसली. आणि घुम्या फोन कानाला लावून, दुसऱ्या हातात ते निळं कापड घेऊन उभा राहिला.

"बरं, असं करा," ती म्हणाली. "कोपऱ्याला खाच द्या. फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवा, त्याच्याजवळ कापड धरा आणि फाडा. एका दमात."

त्याने फाडलं.

"पुन्हा."

पुन्हा फाडलं.

"टेरिकॉट आहे त्यात. शिट्टी वाजली, ऐकली नाहीत?"

"नाही."

"बारीक शिट्टी वाजते मागे. सुती असलं की कोरडं फाटतं, चर्र करून. टाका ते. दुसरं घ्या."

तर हे असं सुरू झालं. रोज दिवे लागले की घुम्या फोन मागाच्या फळीवर ठेवायचा, शेजारी ढीग घ्यायचा आणि फाडायला बसायचा. तिकडून हुकूम यायचे. ठेवा. टाका. हे जीर्ण झालंय, फाटताना आवाजच नाही, नुसता उसासा टाकतंय, टाका. हे जाड आहे, टर टर करतंय, दुसऱ्या जाडाबरोबरच घाला, पातळात मिसळू नका. हे नवं आहे, आधी धुवा, नाहीतर सतरंजीत आटेल आणि पुन्हा डमरू. जे फाटतच नाही आणि कडेने वळतं, ते गंजीफ्रॉकाच्या जातीचं, त्याचं पोतं वेगळं. शिंपी पलीकडून ओरडायचा, "वहिनी, माझा पण एक सदरा फाडून ऐकवू का?" आणि तिकडे ती हसायची.

फाडून भागेना, तेव्हा घुम्याला सांगावंही लागायला लागलं. सांगायचं तर शब्द हवेत. पहिले काही दिवस प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा यायचा. मऊ आहे. बरं, कसं मऊ? कानाच्या पाळीसारखं. ही चादर मधे झिजलीय, कडा धड आहेत. कोणीतरी खूप दिवस अंथरुणात पडून असेल. या सदऱ्याला एकच बटण वेगळं आहे. हा पडदा आहे, एका बाजूने उन्हाने उडालाय, दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा. हे तो बोलत होता, बरं का, घुम्या! एकदा तर शिंप्याने कात्री थांबवून भिंतीला कान लावला, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.

पाळणाघराची दुसरी सतरंजी झाली. सगळं एकाच वजनाचं सुती, धुतलेलं. मागावरून काढली, पसरली, आणि ती जमिनीला चिकटून पडली. बाईंनी चारी कोपरे चाचपून बघितले, स्वतः वर मांडी घालून बसल्या, म्हणाल्या, "आली वाटतं काकू."

"येईल," घुम्या म्हणाला.

आणि हळूहळू त्याला कळायला लागलं. आधी शिट्टी ऐकू यायला लागली. मग फाडायच्या आधीच, नुसतं उचललं की बोटांना समजायला लागलं. ढीग दुपारीच निवडून व्हायचा. ठेवायचं, टाकायचं. बघूच्या ढिगात काही उरायचंच नाही. मग हा लबाड काय करायचा माहीत आहे? चांगलं ओळखलेलं, डोळे मिटून सांगता येईल असं एखादं कापड मुद्दाम बघूच्या ढिगात टाकायचा. संध्याकाळी फोनवर फाडायचा आणि बावळटासारखा विचारायचा, "हे गं?"

रोज मनात ठरवायचा, आज विचारू, कधी येतेस. घसा खाकरायचा. आणि मग म्हणायचा, "काठाला कुठलं घालू?" मूग गिळून बसायची इतक्या वर्षांची सवय, ती काय फोनने जाते? शिवाय एक गोष्ट होती. विचारलं तर उत्तर येणार. आणि उत्तर येईपर्यंत "येईल" म्हणायची सोय होती. फोनमधून तिकडचं घर ऐकू यायचं. भांडी, बाळाचं बडबडणं, जावयाचं हसणं, मुलीची हाक, "आई, ये ना, सगळे थांबलेत." तिकडे जेवायला सगळे तिच्यासाठी थांबायचे. इकडे तर ती याच्या ताटावर झाकण ठेवून, माग थांबायची वाट बघत बसायची.

अशीच एक संध्याकाळ. ढिगात छत्रीचं कापड आलं होतं, काळं, चकचकीत. ते बघायलाही नको, आंधळ्यानेही टाकलं असतं. घुम्याने मुद्दाम तेच ठेवलं होतं. त्याला वाटलं, ती हसेल. म्हणेल, अहो, छत्री विणताय की सतरंजी? त्याने खाच दिली आणि फाडलं. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं ते किंचाळलं.

"छान आहे," ती म्हणाली. "ठेवा."

घुम्याला वाटलं, फोन नीट ठेवला नव्हता. त्याने फोन उचलून अगदी कापडापाशी आणला. "अगं, नीट ऐक." पुन्हा फाडलं. पलीकडे शिंप्याची शिलाई थांबली.

"हो, हो. सुती आहे चांगलं, ठेवा." आणि मग तोंड वळवून, दुसऱ्याच कोणाला तरी, लाडाने, "अरे नको, गरम आहे ते, हात नाही लावायचा."

छत्रीचं कापड घुम्याच्या हातात लोंबत राहिलं. राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. नुसतं, जे केव्हापासून विचारायचं होतं ते आता विचारायला काही हरकत नाही, असं वाटलं.

"तू येणार नाहीयेस," तो म्हणाला.

तिकडे बाळाचा आवाज लांब गेला. टीव्हीचा आवाज बंद झाला, दार लावल्याचा आला. ती दुसऱ्या खोलीत गेली होती.

"नाही," ती म्हणाली.

"हं."

"हं नका म्हणू. निदान आज नका म्हणू."

घुम्याने छत्रीचं कापड मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "आधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत? इतके दिवस वाट बघत होते. आज विचारतील, उद्या विचारतील. तुमचं आपलं हे सुती की ते सुती."

"मी काय केलं?"

"काही नाही केलंत. हेच तर. कधी हात उगारला नाहीत, कधी शिवी दिली नाहीत. कोणाला सांगायला जाऊ? लोक म्हणतील, बाई सुखाने माजली." तिचा आवाज चढला नव्हता, पण धड राहिला नव्हता. "इथे मी नुसतं म्हटलं ना, मीठ कमी पडलंय, तर सगळे माना वर करून बघतात. तिथे मी उंबऱ्यावर बसून जन्मभर बोलले. कोणाशी बोलले? त्या मागाशी?"

घुम्याने मागाकडे बघितलं.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "हे फोन सुरू झाले तेव्हा मला वाटलं होतं, जावं परत. एवढे बोलायला लागलात तुम्ही. कानाच्या पाळीसारखं मऊ म्हणालात त्या दिवशी मी पिशवी काढली होती कपाटातून. मग म्हटलं, बाई गं, हुरळू नकोस. यांना निवडता येत नाहीये म्हणून बोलताहेत. आलं निवडता, की पुन्हा आपलं तेच. मी आले की गुंडा हातात, आणि तोंड बंद. म्हणून पिशवी ठेवून दिली."

आता बघा, इथे एका वाक्याचं काम होतं. मला केव्हाचं येतंय, एवढंच म्हणायचं होतं. घुम्याच्या तोंडून निघालं ते असं. "हे छत्रीचं कापड होतं."

"काय?"

"आत्ता फाडलं ते. तू ठेवा म्हणालीस."

बाई हुशार, तिला दुवे जोडायला वेळ लागत नाही. "म्हणजे तुम्हाला कळत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. पाळणाघरवाल्या बाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या, तेव्हापासून."

"मग फोन कशाला करत होतात रोज?"

तिने हे भांडायला विचारलं नव्हतं. विचारून ती थांबली. तिचा श्वास इकडे ऐकू येत होता. घुम्याने तोंड उघडलं. उत्तर त्याच्यापाशी होतं, सरळ होतं, शोधायची गरज नव्हती. पण कोणी बोलल्यावर आपणही बोलायचं असतं, ते त्याच वेळी बोलायचं असतं, हे त्याच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. ती बोलणार आणि आपण पायपट्टी दाबत राहणार, एवढंच ठाऊक होतं. त्याने ओठ हलवले. पाय खाली मागाची पायपट्टी शोधत होते. पलीकडे शिंपी कापड हातात धरून थांबला होता आणि मनात म्हणत होता, बोल मेल्या, बोल, अरे बोल!

ती खूप वेळ थांबली. कोणीही थांबलं नसतं इतकी थांबली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. तिकडे दार उघडल्याचा आवाज आला, बाळ रडत होतं. "जेवून घ्या." आणि फोन बंद झाला.

घुम्या फोनकडे बघत राहिला. मग नीट, ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "तुझ्याशी बोलायला."

पुन्हा एकदा म्हणाला. दुसऱ्यांदा जास्त चांगलं जमलं. शिंप्याने भिंतीवर थाप मारली. "अरे, भिंतीला काय सांगतोस? लाव पुन्हा फोन!"

फोन हातातच होता, नंबर समोर होता. पण एका संध्याकाळी दोनदा फोन करायचा, असं त्याने कधी केलं नव्हतं. बाळ झोपायचं असेल, ते जेवायला बसले असतील. "उद्या करतो," तो भिंतीला म्हणाला. छत्रीचं कापड त्याने टाकायच्या ढिगात टाकलं, दुपारी निवडलेल्या पट्ट्यांचे गुंडे केले, सकाळी मागे हात केला की लागतील असे रांगेत लावले आणि हात धुऊन जेवायला उठला.